उतरण्याची घाई

मनुष्याला वाचनाचा कोणता छंद जडेल याचा नेम नाहीं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दिवाणी न्यायालयांचे निकाल कादंबरीसारखे वाचतात. दुसरे एक जुनीं पंचांगें जमवितात आणि तीं चाळूं लागले कीं त्यांना जेवणाचीहि शुद्ध राहत नाहीं. मला स्वतःला गेलीं कांहीं वर्षें विमान-अपघातांचे चौकशी-अहवाल वाचण्याचा नाद लागला आहे. घरांत या नादाविषयीं फारसें चांगलें मत नाहीं. "प्रवासाच्या आदल्या रात्रीं तरी तें बाड मिटा," असें मला वारंवार सांगण्यांत येतें, आणि सांगणारीचें म्हणणें अगदींच अवास्तव आहे असेंहि नाहीं. परंतु या अहवालांना जे भयकथा समजतात त्यांनीं ते बहुधा वाचलेले नसतात. त्यांत आक्रोश नसतो, विशेषणें नसतात, कोणाला खलपुरुष ठरविण्याची उत्सुकता नसते. अमुक क्षणीं अमक्यानें अमुक कळ दाबली, अमुक शब्द उच्चारले, आणि अमुक शब्दांना उत्तर दिलें नाहीं, एवढेंच त्यांत लिहिलेलें असतें. त्यांच्या मनांत काय चाललें होतें तें आपलें आपण ओळखायचें. मानवी स्वभावाचें इतकें निर्विकार आणि इतकें बारीक दर्शन मला आपल्या नामांकित कादंबऱ्यांतूनहि क्वचितच घडलें आहे.

या छंदाला दोन वर्षांपासून एक घरगुती कारणहि मिळालें आहे. माझा भाचा, ताईचा धाकटा मुलगा, वैमानिक झाला. तो अद्याप उजव्या बाजूच्या आसनावर बसतो, म्हणजे सहवैमानिक आहे. डावें आसन कप्तानाचें. सुटीवर आला कीं मी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडतों आणि तो बिचारा चहाच्या बशीला धावपट्टी व चमच्याला विमान कल्पून मला उत्तरें देतो. एकदां तो म्हणाला, "मामा, विमान उडवायला शिकवतात त्याहून अधिक तें उतरवायला शिकवतात, आणि त्याहूनहि अधिक, केव्हां उतरवायचें नाहीं हें शिकवतात." त्या वेळीं मला हें वाक्य नुसतें चमत्कृतिपूर्ण वाटलें. पुढें अहवालामागून अहवाल वाचीत गेलों तेव्हां त्याचा अर्थ हळूहळू उलगडूं लागला.

जमीन दिसत नसतांना केवळ यंत्रांच्या आधारें विमान उतरविण्याची कला तशी फार जुनी नाहीं. २४ सप्टेंबर १९२९ या दिवशीं अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, मिचेल फील्ड येथें, जिमी डूलिटल या वैमानिकानें आपल्या आसनावर झांकण ओढून घेतलें आणि बाहेरचें कांहींएक न पाहतां विमान उडविलें, फिरविलें व पुन्हां जमिनीवर आणून टेकविलें. सारा प्रयोग पंधरा मिनिटांचा. खबरदारी म्हणून पुढच्या आसनावर बेंजामिन केल्सी हा दुसरा वैमानिक बसविला होता; परंतु आपण मदत करीत नाहीं हें सर्वांस दिसावें म्हणून त्यानें आपले हात मुद्दाम बाहेर ठेवले होते. दुसऱ्या माणसानें हात लावला नाहीं, हीच त्या दिवशीं यशाची खूण होती. हे बाहेर ठेवलेले हात वाचकांनीं लक्षांत ठेवावे. त्यांची आठवण पुढें येणार आहे.

आज मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या टोकाशीं आणि बाजूला बसविलेलीं यंत्रें आकाशांत दोन अदृश्य रेडिओ-किरण सोडीत असतात. एक किरण डावें-उजवें सांगतो, दुसरा वर-खालीं. वैमानिकासमोरच्या तबकडीवर हे दोन्ही किरण दिसतात, आणि त्यांच्या संगमावर विमान धरून तो ढगांतून खालीं येतो. हा उतार बहुधा तीन अंशांचा असतो. म्हणजे दर सागरी मैलामागें सुमारें ३०० फूट उतरायचें. साध्या प्रकारच्या योजनेंत जमिनीपासून २०० फुटांपर्यंत असें येतां येतें. तेथें धावपट्टी डोळ्यांना दिसली तर उतरावें. न दिसली तर क्षणाचाहि विचार न करतां वर जावें. त्याच्याहि आधीं एक परीक्षा असते. ढगांत असतांना १००० फुटांवर येईपर्यंत सारें कांहीं जागच्या जागीं बसलेलें असलें पाहिजे: वाट बरोबर, वेग बरोबर, चाकें बाहेर, पंखांच्या झडपा योग्य त्या कोनांत, आणि तपासणीची यादी वाचून पुरी झालेली. यांतील एकहि गोष्ट राहिली असेल तर उतरणें रद्द करून पुन्हां वर चढावें व फेरा घेऊन यावें. या फेऱ्याला त्यांच्या भाषेंत 'गो अराउंड' म्हणतात. आपण त्याला 'फिरून येणें' म्हणूं.

नियम इतका स्पष्ट असतां तो मोडतो कोठें? ज्यांनीं मोटारीनें बोरघाट उतरला आहे त्यांना हें सहज समजेल. उतारावर गाडी आपोआप वेग घेते. म्हणून शहाणा चालक उतार लागण्यापूर्वींच वेग आवरतो. विमानाचेंहि तसेंच आहे. त्याला एकाच वेळीं खालीं येणें आणि मंदावणें कठीण जातें, कारण आधुनिक विमानाची घडणच अशी असते कीं तें हवेंत सहज घसरत राहतें. तेव्हां जें विमान योग्य त्या जागीं योग्य उंचीपेक्षां वर राहिलें, त्याच्या वैमानिकापुढें दुहेरी कर्ज उभें राहतें: उंचीहि फेडायची आणि वेगहि फेडायचा. मिनिटें मात्र तेवढींच. मग नाक खालीं दाबलें जातें, वेग वाढतो, वेग वाढल्यामुळें झडपा उघडतां येत नाहींत, यादी अर्धी राहते, नियंत्रकाचा आवाज येतच असतो. त्यांत आणखी एक गंमत अशी, कीं त्या वर-खालीं सांगणाऱ्या किरणाच्या वरच्या अंगाला त्याच्यासारखेच खोटे किरण असतात, आणि ते खऱ्यापेक्षां फार उभे असतात. खालून येणाराला खरा किरण प्रथम भेटतो. उशीर होऊन वरून येणाराला कधीं कधीं खोटाच भेटतो.

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत काली नांवाचें शहर आहे. तें एका लांबट खोऱ्यांत वसलेलें असून दोहों बाजूंस उंच डोंगर आहेत. २० डिसेंबर १९९५ च्या रात्रीं अमेरिकन एअरलाइन्सचें एक बोइंग ७५७ विमान मायामीहून तेथें येत होतें. निघायलाच सुमारें दोन तास उशीर झालेला. उत्तरेकडून येऊन विमानतळाच्या पलीकडे जायचें आणि वळून मागें येऊन उतरायचें, असा मूळ बेत होता. नियंत्रकानें विचारलें, सरळ समोरच्या बाजूनेंच उतरतां का? कांहीं मिनिटें वांचणार होतीं. वैमानिकांनीं होकार दिला. त्या एका होकारासरशीं सारा हिशेब बदलला: उंची फार झाली, नवा नकाशा काढायचा, नवी वाट संगणकाला सांगायची. वेग आवरण्यासाठीं पंखांवरचे रोधक उघडले. वाटेंतल्या रोझो नांवाच्या रेडिओ-दीपाकडे विमान न्यावें म्हणून संगणकावर 'आर' हें अक्षर टंकलें. परंतु त्या अक्षराचा जो दीप यादींत प्रथम आला तो रोझोचा नव्हताच. तो दूर बोगोटाजवळचा रोमिओ होता. विमान आज्ञाधारकपणें डावीकडे वळलें आणि डोंगरांकडे निघालें. चूक लक्षांत येऊन तें पुन्हां उजवीकडे वळविण्यांत आलें तोंवर खोऱ्याची सीमा ओलांडलेली होती. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजतांच वैमानिकांनीं पूर्ण शक्तीनें विमान वर उचललें. परंतु पंखांवरचे रोधक उघडेच राहिले होते. १६३ माणसांपैकीं १५९ गेलीं. मला या हकिकतींत सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती पहिल्या होकाराची. तो होकार देतांना त्या दोघांनींहि मनांत म्हटलें असेल, 'थोडी धांदल होईल, पण जमेल.'

'जमेल' हा मोठा फसवा शब्द आहे. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून निघालेलें एअर इंडिया एक्सप्रेसचें विमान मंगळूरच्या टेकडीवरील विमानतळाशीं आलें. कप्तान वाटेंत दीड तासांहून अधिक काळ झोंपलेला होता. विमानतळाचें रडार त्या दिवशीं बंद असल्यामुळें खालीं येण्यास आरंभहि उशिरा झाला होता. विमान फार उंच आणि फार वेगांत होतें. सहवैमानिकानें फिरून वर जाण्याविषयीं एकदां नव्हे, तीन वेळां सांगितलें. यंत्राचे इशारेहि होत राहिले. विमान उतरलें. ८,०३३ फूट धावपट्टीपैकीं ५,२०० फूट मागें पडल्यावर तें टेकलें, आणि टेकल्यावर कप्तानाला पुन्हां वर जाण्याची बुद्धि झाली. तें दरींत कोसळलें. १६६ पैकीं आठ जण वांचले. चौकशी-मंडळानें लिहिलें आहे कीं टेकल्यानंतर नुसते पूर्ण ब्रेक लावले असते तरी विमान बहुधा थांबलें असतें.

बरोबर दहा वर्षांनीं, २२ मे २०२० रोजीं, कराचीस पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचें विमान असेंच उंच आणि वेगांत आलें. नियंत्रकानें फेरा घेण्याचें सुचविलें. वैमानिकांनीं आम्ही ठीक आहों असें कळविलें. आधीं बाहेर काढलेलीं चाकें त्यांनीं पुन्हां आंत घेतलीं होतीं आणि याची जाणीव दोघांनाहि राहिली नाहीं. चाकें बाहेर नसल्याचा गजर कॉकपिटमध्यें वाजत होता. विमान इंजिनांवर घासत गेलें, पुन्हां उडालें, आणि घायाळ इंजिनें वस्तीवर येऊन बंद पडलीं. विमानांतले ९७ जण मेले, दोघे वांचले. जमिनीवरहि एक जीव गेला.

कानाशीं वाजणारा गजर दोन जाणत्या माणसांना ऐकूं येऊं नये हें प्रथम खरें वाटत नाहीं. परंतु मानसशास्त्रज्ञ सांगतात कीं, मन एका कामांत पूर्ण गुंतलें असतां कान उघडे असूनहि बंद असतात. उतरायचें असा निश्चय एकदां झाला म्हणजे पुढची प्रत्येक गोष्ट त्या निश्चयाची चाकर होते. धावपट्टी जसजशी जवळ येते तसतसा निश्चय बदलण्याचा प्रसंग अधिक निकडीचा होत जातो, आणि बदलण्याची शक्ति मात्र कमी होत जाते. अमेरिकेच्या नासा या संस्थेनें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, घाईमुळें झालेल्या १२५ चुकांचे वैमानिकांनीं स्वतः होऊन कळविलेले वृत्तांत तपासले होते. त्यांत असें दिसून आलें कीं, बहुसंख्य प्रसंगीं चुकीचें बीज विमान जमिनीवर असतांनाच पडलें होतें. उशीर झालेला असतो, कोणी तरी घड्याळ दाखविलेलें असतें, एखादी तपासणी अर्धवट सोडलेली असते. आकाशांत फक्त तें बीज उगवतें.

यावर उपाय कोणता हें सर्वांना ठाऊक आहे. तो करीत मात्र फारसें कोणी नाहीं. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासाप्रमाणें, जीं विमानें नियमाप्रमाणें सिद्ध न होतां धावपट्टीकडे येतात त्यांपैकीं सुमारें तीन टक्केच फिरून वर जातात. बाकीचीं उतरतात, आणि बहुतेक सुखरूप उतरतात. हीच तर खरी आपत्ति आहे. शंभरांपैकीं सत्त्याण्णव वेळां नियम मोडला आणि कांहीं बिघडलें नाहीं, तर मनुष्य त्यांतून आपली चूक शिकत नाहीं, आपलें कौशल्य शिकतो.

या बाबतींत आपण प्रवासीहि अगदीं निर्दोष नाहीं. चार वर्षांपूर्वीं ऐन आषाढांत मी नागपूरहून मुंबईस येत होतों. खिडकीबाहेर पावसाखेरीज कांहीं दिसत नव्हतें. एकाएकीं ढग फाटले, कुर्ल्याच्या बाजूचे ओले पत्रे आणि दिवे अगदीं हाताशीं आल्यासारखे दिसले, आणि तोंच इंजिनांनीं मोठा आवाज करून विमान पुन्हां ढगांत चढविलें. कांहीं क्षण कोणी बोललें नाहीं. मग कुरकुर सुरू झाली. माझ्या शेजारचे गृहस्थ मनगट पुढें धरून म्हणाले, "आतां अर्धा तास गेला! नवशिका दिसतो." मागच्या रांगेंतून कोणी तरी, पूर्वींचे वैमानिक कसे वादळांतहि उतरवीत असत याची गोष्ट सांगूं लागले. वीस-पंचवीस मिनिटांनीं आम्ही अलगद उतरलों. उतरतांना दाराशीं हवाई सुंदरी नमस्कार करीत उभी होती. तिला कोणी प्रतिनमस्कारहि केला नाहीं. वास्तविक त्या दिवशीं आंतल्या त्या दोघांनीं जें केलें तें शंभरांतल्या तिघांनींच केलें असतें. पण ज्या संकटांतून आपण वांचलों तें घडलेलेंच नसल्यामुळें त्याबद्दल आभार मानण्याचें कोणाला सुचत नाहीं. गेलेला अर्धा तास मात्र सर्वांना दिसतो. अनेक विमान-कंपन्यांनीं फिरून येणाऱ्या वैमानिकाला जाब विचारायचा नाहीं असा नियम केला आहे तो याचसाठीं. शेजारच्या गृहस्थांच्या घड्याळाला मात्र असा नियम कोण घालून देणार?

परंतु मला अधिक काळ छळीत राहिलेला अहवाल कोळिकोडचा आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजीं, महामारीच्या काळांत परदेशीं अडकलेल्या लोकांना घेऊन दुबईहून आलेलें विमान तेथील टेकडीवरच्या धावपट्टीवर उतरत होतें. कप्तान आपल्याच महाराष्ट्रांतला, वायुसेनेंत नांव मिळविलेला, अत्यंत अनुभवी. पाऊस कोसळत होता, त्याच्या बाजूच्या कांचेवरचा पाणी पुसणारा दांडा बंद पडला होता. पहिल्या प्रयत्नांत तो नियमाप्रमाणें फिरून वर गेला. अर्थात् त्याला नियम ठाऊक नव्हता किंवा मान्य नव्हता असें कोणालाहि म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्या वेळीं मात्र पाठीवर वारा घेऊन तो दुसऱ्या दिशेनें आला. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या विमानासाठीं आपण तेथें हजर असलें पाहिजे ही चिंताहि त्याच्या मनांत असावी, असें अहवाल सुचवितो. विमान ८,८५८ फूट धावपट्टीच्या जवळ जवळ मध्यावर टेकलें आणि टोकावरून खालीं गेलें. १९० पैकीं २१ माणसें मरण पावलीं. दोघेहि वैमानिक त्यांत होते.

सहवैमानिकानें प्रथम आडवळणाच्या शब्दांनीं कप्तानाचें लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला, आणि अगदीं शेवटीं फिरून जाण्याविषयीं उघड सांगितलें. अहवालानें अपघाताच्या कारणांत कप्तानानें हें न ऐकल्याचा उल्लेख केला आहेच. पण त्याबरोबर आणखी एक वाक्य आहे. सहवैमानिकानें विमानाचा ताबा स्वतःकडे घ्यायला हवा होता, तो घेतला नाहीं. १९२९ सालीं केल्सीनें हात बाहेर ठेवले यांत त्याचें कर्तव्य होतें. आज उजवीकडे बसलेल्या माणसाचें कर्तव्य नेमकें उलट आहे: वेळ आली कीं त्यानें ते हात पुढें केले पाहिजेत. शेजारीं आपल्याहून वयानें, हुद्द्यानें, कीर्तीनें कितीतरी मोठा मनुष्य बसला असतां, त्याच्या हातांतलें सुकाणू दोन-तीन क्षणांत काढून घ्यायचें! लिहायला हें वाक्य किती सोपें आहे!

हें वाचलें त्या रात्रीं मला माझा भाचा आठवला. आमच्या घरीं, आणि बहुतेक मराठी घरांत, वडील माणसांना उलट उत्तर देऊं नये ही मुलांची पहिली शिकवण असते. ती वाईट आहे असें मी म्हणणार नाहीं. तिच्यामुळें आमचीं कितीएक घरें शाबूत राहिलीं आहेत. पण तिच्यांतून एक प्रकारची भाषाहि तयार होते. 'अहो, पाऊस येईलसें वाटतें,' म्हणजे छत्री घ्या. 'तुम्हांला ठाऊकच असेल म्हणा,' म्हणजे तुमचें चुकतें आहे. सांगायचें तें कधीं सरळ सांगायचें नाहीं. मोठ्यांच्या लक्षांत येईल अशा बेतानें त्याच्या आसपास फिरत राहायचें. घरांत ही भाषा चालते, कारण घरांत संध्याकाळपर्यंत वेळ असतो. ताशीं दीडशें मैलांनीं जमीन जवळ येत असतां, आडवळणाचें बोलणें समजून घ्यायला लागणारे चार क्षणहि हातांत नसतात.

गेल्या दिवाळींत तो घरीं आला होता. फराळाच्या वेळीं त्याचे आजोबा कोणत्या तरी लढाईची हकीकत सांगत होते; सन चुकला होता. तो पटकन् म्हणाला, "आजोबा, तें तसें नाहीं." ताईनें त्याच्याकडे नुसतें पाहिलें. तो गप्प झाला आणि चकलीकडे वळला. क्षुल्लक गोष्ट, कोणाच्या ध्यानांतहि राहिली नाहीं. मला मात्र तें गप्प होणें टोंचलें. संध्याकाळीं आम्ही दोघे फिरायला निघालों तेव्हां मीं त्याला सरळ विचारलें, "कप्तान चुकतो आहे असें दिसलें, तर तूं काय करशील?"

तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, आम्हांला याची तालीम देतात. पहिल्यांदा मी 'सर' म्हणून सांगेन. दुसऱ्यांदा 'सर' न म्हणतां सांगेन. तिसऱ्यांदा बोलणारच नाहीं. हात पुढें करीन."

"आणि जमेल तुला?"

"तालमींत जमतें," तो म्हणाला. त्याच्या खरेपणामुळें मला धीरहि आला आणि काळजीहि वाटली. नंतर तो म्हणाला, "खरें सांगूं का? बहुतेक कप्तान उड्डाणापूर्वीं स्वतःच सांगतात, 'माझें चुकलें तर बोल. मला राग येणार नाहीं.' जो असें सांगतो त्याच्या शेजारीं मला भीति वाटत नाहीं."

ताईला हें संभाषण मीं अजून सांगितलेलें नाहीं. सांगितलें तर ती प्रथम म्हणेल, "म्हणजे काय, वडील माणसाच्या हातांतलें हिसकावून घ्यायचें?" मग तिच्या डोळ्यांपुढें तो पाऊस, ती धावपट्टी आणि उजव्या आसनावरचा तिचा मुलगा उभा राहील. थोडा वेळ ती निवडीत असलेल्या तांदुळांकडे पाहत राहील, आणि मग हलकेंच म्हणेल, "घे रे बाबा, घे."